प्लेटवर 3 एचपी, टाकीत 3.2 सीएफएम: हुडकेश्वरच्या एका गॅरेजचं प्रकरण

नागपुरात हुडकेश्वर रोडवर माझ्या भाच्याचं गॅरेज आहे. एक गाळा, पुढे पत्र्याचं शेड, हाताखाली एक पोरगा. काम मुख्यतः दुचाकीचं, अधूनमधून ओळखीतली एखादी मारुती. मागच्या मार्चात त्यानं सुरुवात केली तेव्हा हातात मोजकेच पैसे होते, म्हणून इतवारीत लोहा ओळीच्या आसपास दोन दिवस फिरून त्यानं सगळा सामान एकाच दुकानातून उचलला. कॉम्प्रेसर 9,800, हवेवर चालणारी, नट खोलायची इम्पॅक्ट गन 3,200, 108 नगांचा गोटी (सॉकेट) सेट 2,600, बेंच व्हाइस 1,700, आणि गुंडाळीचा पाइप, ब्लो गन, हवा भरायचं पिस्तूल मिळून 900. एकूण 18,200 रुपये. मला विचारलं नाही. मी 26 वर्षं हिंगणा एमआयडीसीत मेंटेनन्स फिटर होतो, त्यामुळे विचारलं असतं तर मी फाटे फोडले असते, हे त्याला बरोबर ठाऊक होतं.

पहिला महिना मशीन छान चालली. टायरमध्ये हवा, कार्बोरेटर फुंकणं, एअर फिल्टर झटकणं, एवढंच काम होतं. एप्रिलच्या दुसऱ्या आठवड्यात संध्याकाळी फोन आला. "मामाजी, मशीन नुसती घूं घूं करून राहिली. सुरूच नाही होऊन राहिली."

गेलो तेव्हा काय दिसलं ते सांगतो. कॉम्प्रेसर शेडच्या पश्चिमेच्या कोपऱ्यात, डोक्यावर पत्रा. गाळ्यातल्या बोर्डापासून तिथपर्यंत 15 मीटरची पिवळी एक्स्टेंशन, अर्धी अजून रिळावरच गुंडाळलेली. पंपाच्या बुडाशी तेलाचं थारोळं. जास्त लोड आला की मोटर बंद पाडणारं ओव्हरलोडचं लाल बटन पुन्हा पुन्हा दाबून पोराच्या अंगठ्याला काळं लागलेलं. भाच्याचं म्हणणं साफ होतं, माल डुप्लिकेट निघाला. माझंही पहिलं मत तेच झालं असतं, पण नोकरीत एक सवय लागली होती की कुणाला शिव्या घालायच्या आधी मोजायचं.

मोजणी

आधी टाँग टेस्टर लावला, म्हणजे वायरीभोवती धरून करंट मोजायचा चिमटा. टाकीत 7 बार (बार म्हणजे हवेच्या दाबाचं माप) असताना मोटर 7.2 अँपिअर ओढत होती, व्होल्टेज 215. गुणाकार केला तर साधारण 1,550 येतात. पॉवर फॅक्टर (या गुणाकारातला खरोखर कामी येणारा वाटा) चांगला धरला तरी मोटर जेमतेम 1,470 वॅट खात होती. त्यातले पाऊणभर दांड्यावर पोचले असं उदारपणे मानलं तर 1,100 वॅट. एक एचपी म्हणजे 746 वॅट. म्हणजे ही मोटर दीड एचपीची. प्लेटवर 3 लिहिलेलं. खरी 3 एचपीची असती तर याच व्होल्टेजला तिनं 14 अँपिअरच्या पुढे ओढलं असतं. हे समजायला मोटर खोलावी लागत नाही. दुकानात चालवून दाखवायला लावायची आणि वायरीभोवती टाँग टेस्टर धरायचा.

दुसरी मोजणी मोबाइलच्या घड्याळावर झाली. गेज माझ्या भरवशाच्या गेजशी ताडून घेतलं, मग टाकी 5 बारवरून 7 बारवर जायला किती वेळ लागतो ते पाहिलं. 58 सेकंद. हिशेब अगदी सोपा आहे. टाकीतलं प्रेशर 1 बारनं वाढतं तेव्हा टाकीच्या मापाएवढी बाहेरची हवा आत गेलेली असते. टाकी 50 लिटरची, प्रेशर 2 बारनं वाढलं, म्हणजे 100 लिटर हवा 58 सेकंदांत. मिनिटाला 103 लिटर. एक सीएफएम म्हणजे मिनिटाला एक घनफूट हवा, 28.3 लिटर, म्हणून हाती आले 3.6 सीएफएम. प्लेटवर होते 9.

आता हे 9 आले कुठून? पुढे पंप खोलला तेव्हा ते कोडं सुटलं. सिलिंडरचा बोअर (आतला व्यास) 51 मिलिमीटर, स्ट्रोक (पिस्टनची धाव) 44. एका फेरीत सुमारे 90 घन सेंटिमीटर, मिनिटाला 2,850 फेरे, गुणाकार 256 लिटर. बरोबर 9 सीएफएम! पिस्टन जेवढी जागा झाडतो तेवढी हवा टाकीत पोचली असं धरून हा आकडा छापतात. हेडमध्ये उरलेली दाबाखालची हवा परत फुगते, व्हॉल्व्हमधून थोडी मागे येते, गरम सिलिंडरमध्ये शिरताना हवा विरळ होते, आणि टाकीत जाते त्यातली अर्धी. कागदोपत्री या 9 ला कुणी खोटं म्हणू शकत नाही. गिऱ्हाइकानं विचारायचा आकडा मात्र वेगळा असतो: 7 बारला मोकळी हवा किती देते? छापील पत्रकात तो आकडाच नसेल तर काय समजायचं ते समजावं.

मशीन घूं घूं का करत होती

हा सगळ्या प्रकरणाचा गाभा आहे, म्हणून इथे जरा थांबतो.

कॉम्प्रेसर बंद होतो तेव्हा पंप आणि टाकी यांच्यामध्ये असलेला नॉन-रिटर्न व्हॉल्व्ह टाकीतली हवा अडवतो, आणि प्रेशर स्विचखालचा बारीक व्हॉल्व्ह पंपाकडच्या नळीतली हवा सोडून देतो. तो "फुस्स" आवाज सगळ्यांनी ऐकलेला असतो. त्यामुळे पुढच्या वेळी मोटर रिकाम्या डोक्यानं सुरू होते. आमच्या मशीनला "फुस्स" होऊन संपत नव्हतं, बंद केल्यावर बारीक "सूं" चालूच राहायचं. म्हणजे नॉन-रिटर्न व्हॉल्व्ह गळत होता. खोलून पाहिला तर आतली रबराची चकती उष्णतेनं बिस्किटासारखी कडक झालेली, एका कडेला चीर. हाताच्या नखाएवढा तुकडा. टाकीतली हवा त्या चिरेतून हेडवर येऊन बसायची आणि मोटरला दर वेळी 5 बारच्या विरोधात उठावं लागायचं.

त्यात वीज. एप्रिल-मे महिन्यांत संध्याकाळी सहानंतर आमच्याकडे घरोघरी कूलर सुरू होतात आणि या लाइनवर व्होल्टेज 195 वर येतं. मोटरचा सुरुवातीचा जोर व्होल्टेजच्या वर्गाच्या प्रमाणात पडतो. 230 च्या जागी 195 म्हणजे जोर 72 टक्के. त्यावर ती पिवळी एक्स्टेंशन, 0.75 स्क्वेअरची (चौरस मिलिमीटर जाडीची) वायर. 15 मीटर जाऊन-येऊन 30 मीटर, रेझिस्टन्स पाऊण ओहमच्या थोडं वर. सुरू होताना मोटर 35 अँपिअरच्या आसपास मागते, तेव्हा 27 व्होल्ट वायरीतच जिरतात. मोटरच्या तोंडाशी उरले 168. जोर निम्म्यावर आला. निम्म्या जोराची दीड एचपी मोटर आणि डोक्यावर 5 बार. ती उठेल कशी?

तिसरी गोष्ट ऐकून भाचा खजील झाला. पंपाच्या क्रँककेसवर, म्हणजे खालच्या तेलाच्या पेटीवर, लाल प्लास्टिकचं बूच तसंच होतं. ते फक्त वाहतुकीसाठी असतं, तेल सांडू नये म्हणून. ते काढून तिथे श्वास घ्यायची टोपी लावायची असते. टोपी कुठे गेली? चाकांच्या पिशवीत, नट-बोल्टांसोबत, महिनाभर पडून. बूच न काढल्यानं आत दाब तयार झाला आणि तेल सीलमधून बाहेर पडलं. खोक्यात माहितीपत्रक नव्हतं. दुकानदारानं सांगितलं नाही. आणि यानं विचारलं नाही.

मी त्या दिवशी बूच बदललं, तेल भरलं, एक्स्टेंशन रिळावरून पूर्ण उलगडायला लावली आणि सांगितलं की व्हॉल्व्ह येईपर्यंत टाकी दर वेळी रिकामी करूनच मशीन लाव. व्हॉल्व्ह 250 रुपयांचा होता. भाच्यानं तो "या रविवारी, पुढच्या रविवारी" करत लांबवला. मेच्या शेवटी नवतपा, म्हणजे आमच्याकडचे सगळ्यात तापलेले नऊ दिवस, लागला, पत्र्याखाली दुपारी पन्नाशीच्या आसपास, आणि एका गिऱ्हाइकाच्या घाईत पोरानं लाल बटन चार-पाचदा दाबलं. वॉर्निशचा जळका वास रस्त्यापर्यंत आला.

वाइंडिंगवाल्यानं मोटर खोलून एक तार ब्लेडनं खरवडून दाखवली. वरून तांबूस, आत पांढरी फटक. अ‍ॅल्युमिनियमवर तांब्याचा मुलामा. तेवढ्याच जाडीच्या अ‍ॅल्युमिनियमचा रेझिस्टन्स तांब्याच्या सव्वापटीहून बराच जास्त, दीडपटीच्याही पुढे जातो, आणि तितकीच जास्त उष्णता आत होते. मोटरी साधारणपणे भोवतालचं तापमान 40 अंश धरून आखलेल्या असतात. नागपूरचा मे ते गृहीतक पाळत नाही, पत्र्याखालचा तर नाहीच. याच मशीननं महाबळेश्वरला कदाचित पाच वर्षं काढली असती.

कुणाची चूक किती

भाच्याचा राग दुकानदारावर होता. मी त्याच्यासोबत दुकानात गेलो. "मोटर जळाली की वॉरंटी संपली, भाऊ," हे पहिलंच वाक्य. बिल मागितलं तर निघाली कच्ची चिठ्ठी, त्यावर फक्त "कॉम्प्रेसर सेट" आणि रक्कम. खोक्यावर बनवणाऱ्याचं नाव नाही, आयात करणाऱ्याचा पत्ता नाही, तक्रारीचा नंबर नाही. वैध मापन (आवेष्टित वस्तू) नियम, 2011 प्रमाणे पॅकबंद मालावर या गोष्टी छापाव्या लागतात. मी हे बोललो तेव्हा तो हसला नाही, एवढंच. पण पक्कं बिल नसल्यानं आमच्या हातात धरायला काहीच नव्हतं.

इथे एक गैरसमज दूर करतो, कारण भाच्यालाही तो होता. धंद्यासाठी घेतलेल्या वस्तूला ग्राहक कायदा लागत नाही असं लोक धरून चालतात. 2019 च्या ग्राहक संरक्षण कायद्यात व्यापारी हेतूला वगळलंय खरं, पण पोटापाण्यासाठी स्वयंरोजगार म्हणून घेऊन स्वतः वापरलेली वस्तू त्या वगळण्यात येत नाही. एकट्याचं गॅरेज चालवणारा माणूस ग्राहक ठरू शकतो, आणि 1915 या राष्ट्रीय हेल्पलाइनवर फोन करायला वकील लागत नाही. त्यासाठी बिल लागतं. जीएसटी वाचवायला कच्ची चिठ्ठी घेतली तिथे हा दरवाजा आपणच लावून घेतला.

माझा निवाडा असा. 3 एचपीची प्लेट, मुलाम्याची तार आणि बिस्किट झालेली चकती, ही बनवणाऱ्याची लबाडी. बूच न सांगणं आणि कच्ची चिठ्ठी दुकानदाराची. एक्स्टेंशन, पत्र्याखालची जागा, लाल बटन आणि दोन रविवार आमचे. मोटर जळायला तिन्ही लागले. यातला कोणताही एक नसता तर ती पावसाळा बघू शकली असती. भाच्याला हा निवाडा आवडला नाही, त्याच्या मते मी दुकानदाराच्या बाजूनं बोलून राहिलो.

दुरुस्ती आणि टाकीची परीक्षा

मोटर तांब्यात भरून घेतली, 2,800. नॉन-रिटर्न व्हॉल्व्ह 250, प्रेशर स्विच 450, सेफ्टी व्हॉल्व्ह 180, हेडमधली रीड प्लेट (हवा आत-बाहेर सोडणाऱ्या पात्यांची) आणि गॅस्केट 400. एक्स्टेंशन फेकून बोर्डापासून थेट 4 स्क्वेअरची तांब्याची वायर ओढली, 1,900. गुंडाळीच्या पाइपऐवजी साधा रबरी पाइप 1,100. एकूण 7,080.

मोटर वाइंडिंगला असताना टाकी मोकळीच होती, म्हणून ती पाण्यानं तपासली. हे काम हवेनं कधीच करायचं नाही. हवा दाबली की ती स्प्रिंगसारखी शक्ती साठवते, टाकी फाटली तर पत्रा गोळीसारखा सुटतो. पाणी जवळजवळ दबतच नाही, त्यामुळे फुटलं तर धार लागते आणि संपतं. टाकी तोंडापर्यंत भरली, आत हवेचा बुडबुडा राहू नये म्हणून हलवून हलवून, आणि प्लंबर लोक लाइन तपासायला वापरतात तो हातपंप लावून 12 बारवर नेली, म्हणजे कामाच्या 8 बारच्या दीडपट. वीस मिनिटं काटा हलला नाही. टाकी पास झाली, याचं मला खरोखर आश्चर्य वाटलं.

पण भरताना बादल्या मोजल्या होत्या. पाणी मावलं 44 लिटर. प्लेटवर 50! मग एप्रिलचा हिशेब पुन्हा केला: 88 लिटर 58 सेकंदांत, म्हणजे मिनिटाला 91, म्हणजे 3.2 सीएफएम. नवतप्याच्या उन्हात टाकी तासाभरात आतून कोरडी झाली, नागपूरच्या उन्हाचा तेवढा एक उपयोग.

रीड प्लेट जुनी होती तीही पाहण्यासारखी. पोलादी पात्याखालची बैठक घासून सपाटच केलेली नव्हती, उजेडाकडे धरली की फट दिसायची. नवी प्लेट काचेवर बारीक पॉलिश पेपर ठेवून आणखी घासली आणि बसवली. मग घड्याळ लावलं. 5 ते 7 बार, 40 सेकंद. मिनिटाला 132 लिटर, 4.6 सीएफएमच्या थोडं वर. चारशे रुपयांच्या प्लेटनं आणि अर्ध्या तासाच्या घासण्यानं जवळजवळ दीडपट हवा दिली. कारखान्यात हा अर्धा तास कुणी घालवला असता तर मशीन 9,800 ला मिळाली नसती, हेही खरं.

बाकीचा सामान

इम्पॅक्ट गनविषयी भाच्याची तक्रार होती की मारुतीच्या चाकाचा नटही निघत नाही. प्लेटवर 680 न्यूटन मीटर (पिळाच्या जोराचं माप) लिहिलंय आणि चाकाच्या नटाला शंभराच्या आसपास पुरतात. मी गनच्या तोंडाशी गेज लावून ट्रिगर दाबला. उभ्यानं 7 बार, चालताना 4.2. दोष गनचा कमी आणि त्या गुंडाळीच्या पाइपचा जास्त होता. बाहेरून 8 मिलिमीटर, आतून जेमतेम 5, आणि त्याला तीन जोड. आतून 10 मिलिमीटरचा रबरी पाइप लावल्यावर चालतानाचं प्रेशर 6 वर राहिलं आणि नट निघाला. 680 तिनं कधीच दिले नाहीत, देणारही नाही, पण काम करते.

गोटी सेटमधली 19 ची गोटी फुटली. ती गनवर लावली होती. चकचकीत क्रोमच्या गोट्या हातानं वापरायच्या असतात, गनसाठी काळ्या, जाड भिंतीच्या वेगळ्या येतात. महागातली क्रोम गोटीही गनवर फुटू शकते आणि उडालेला तुकडा डोळा घेऊन जातो. हा गुन्हा सेटच्या माथी मारता येणार नाही. रॅचेट मात्र खरंच वाईट निघालं. तिसऱ्या आठवड्यात दात सुटला आणि भाच्याची बोटं इंजिनवर आपटली. खोललं तर आतला कुत्रा, म्हणजे दात अडवणारा तुकडा, चॉकसारखा झिजलेला. सेटमधले 10 आणि 12 चे पाने बोल्टवर तोंड पसरायचे, आणि बोल्टाचे कोपरे गोल झाले की गिऱ्हाइकाला काय सांगणार? ते दोन आकार आणि 14, 17 असे चार पाने नाशिकच्या तापडियाचे घेतले. बाकीचे आकार वर्षातून दोनदा लागतात, ते स्वस्तातले पडून आहेत, काही बिघडत नाही. व्हाइस ठीक आहे. ब्लो गन आणि हवेचं पिस्तूल तर अजून नव्यासारखं.

दुसरी मशीन

जूनमध्ये कामं वाढली आणि 4.6 पुरेनात. पट्ट्यावर चालणारी, दोन सिलिंडरची, 2 एचपीची नवी मशीन 34,000 सांगितली. माझ्या जुन्या कारखान्याजवळच्या एका युनिटमधून तसलीच जुनी 17,500 ला निघाली. या वेळी भाचा स्वतः टाँग टेस्टर आणि मोबाइल घेऊन गेला. त्यानं टाकी रिकामी करायला लावली, घड्याळ लावलं, बादल्या मागितल्या. विकणारा मला बाजूला घेऊन म्हणाला, "तुमचा पोरगा मशीन घेऊन राहिला का पेपर तपासून राहिला?"

टाकी 158 लिटर भरली, 5 ते 7 बारला 2 मिनिटं 1 सेकंद. म्हणजे मिनिटाला 157 लिटर, साडेपाच सीएफएम. दुरुस्त केलेल्या छोट्यापेक्षा फार जास्त नाही, आणि भाचा नाराज झाला. मी त्याला पंपावर हात ठेवायला सांगितला. पंधरा मिनिटं सलग चालूनही हात ठेवता आला, कारण तो छोट्याच्या 2,850 च्या जागी मिनिटाला नऊशे फेऱ्यांवर असतो. छोट्याच्या हेडला पाचव्या मिनिटाला बोट लावता येत नाही. त्याला अर्धा वेळ चालू, अर्धा वेळ बंद एवढाच झेपतो, आणि ही मर्यादा दुरुस्तीनं जात नाही.

छोटा कॉम्प्रेसर आता उत्तरेच्या भिंतीला, सावलीत आहे. प्लेटवरचा 9 भाच्यानं मार्करनं खोडून वर 4.6 लिहिलंय. टायर आणि फुंकणं त्याच्याकडे. पावसाळा लागल्यापासून रोज संध्याकाळी खालचा कॉक उघडला की अर्धा कप पाणी निघतं, ऑगस्टपर्यंत ते स्वच्छ होतं, आता तपकिरी यायला लागलंय. टाकीचा पत्रा आतून गंजतोय. पुढच्या मार्चात ती पुन्हा पाण्यावर तपासायची आहे, आणि 12 बार धरला नाही तर मोटर-पंप काढून टाकी कबाडीला.